हात टेका, पण हात टेकू नका



मागच्या पालकसभेत तीन विषय निघाले. पहिला गणपतीच्या नाटकाचा, दुसरा वर्गातल्या सतरंज्या कोणी धुवायच्या याचा, आणि तिसरा वर्गाच्या सुरुवातीला होणाऱ्या दहा मिनिटांच्या योगासनांचा. पहिले दोन विषय तासभर रंगले. तिसरा पाच मिनिटांत मिटला, असे निदान वाटले. सूचना अशी होती की आसने बंद करावीत आणि ती दहा मिनिटे वाचनाला द्यावीत. सूचनेच्या बाजूने पहिला हात माझाच वर गेला होता. निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. त्याआधी तो हात मी खाली का घेतला, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझा हिशेब सोपा होता. वर्षाचे तीस रविवार धरले तर दहा गुणिले तीस म्हणजे 300 मिनिटे, म्हणजे पाच तास. आपला वर्ग दोन तासांचा. याचा अर्थ वर्षातले अडीच रविवार आपण मुलांना सतरंजीवर लोळवण्यात घालवतो, आणि जोडाक्षरे अजून तशीच पडलेली. इंजिनियर माणसाला याहून पक्का पुरावा काय हवा?

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझी पाठ धरली. दिवसभर खुर्चीत बसून संगणकाकडे टक लावणाऱ्या आमच्या जमातीला हे नवे नाही. माझी दहा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, काकूंचं वसिष्ठासन कर." मी नको नको म्हणेपर्यंत तिने दिवाणखान्यातले टेबल बाजूला सरकवले होते. आणि मग सुरू झाले:

"तळहात पूर्ण टेक. बोटं पसर. करंगळीपण! कोपर ताठ. आता कुशीवर वळ. पायावर पाय ठेव. कंबर वर... वर म्हणजे वर, बाबा! खांदा कानापासून लांब. आता श्वास घे. पडलास."

मी गालिच्यावर पडलो होतो खरा, पण माझे लक्ष भलतीकडेच होते. "जेवलीस का?" या प्रश्नाला "या, ऑलरेडी" असे उत्तर देणारी ही मुलगी सलग दहा-बारा वाक्ये मराठीत बोलली होती. तीही कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर समोरच्या माणसाला काहीतरी करायला लावायचे होते म्हणून. तळहात, करंगळी, कोपर, कूस हे शब्द तिने वहीत दहादा लिहून पाठ केलेले नव्हते. ते तिच्या अंगात बसलेले होते.

मी धापा टाकत म्हणालो, "बाई, मी हात टेकले!"

ती गोंधळली. "पण हात तर टेकायचेच आहेत ना?"

त्या रात्री जेवताना आम्ही यादी करायला बसलो. हात टेकणे म्हणजे हार मानणे, गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे, पाठ टेकणे म्हणजे घटकाभर आडवे होणे. कंबर कसणे, पाय रोवणे, मनगटात जोर असणे, हातपाय गाळणे. तोल सांभाळणे, आणि रागाच्या भरात तो जाणे. फोनवरून आजीने भर घातली. "खांदा देणे" आले तेव्हा मात्र आजीने "ते आत्ता नको" म्हणून विषय बदलला. एका आसनातून इतकी मराठी निघते, हे मला माहीत नव्हते.

असो. भाषेकडे परत येतोच. आधी आसनाविषयी, कारण बऱ्याच पालकांनी ते पाहिलेले नाही. वर्ग सुरू होतो तेव्हा आपण गाडी लावायला जागा शोधत असतो.

दंड काढण्याच्या पवित्र्यात या. मग सगळे शरीर एका कुशीवर वळवा. खाली राहतो एक तळहात आणि त्याच बाजूच्या पावलाची करंगळीकडची कड. दुसरे पाऊल पहिल्यावर. वरचा हात आधी कमरेवर, तोल आला की छताकडे. टाचेपासून डोक्यापर्यंत एक सरळ रेघ. झाले वसिष्ठासन. शाळेत आणि जिममध्ये यालाच साइड प्लँक म्हणतात. नवशिक्यांनी आणि माझ्यासारख्यांनी खालचा गुडघा जमिनीला टेकवावा, किंवा पाठ भिंतीला लावून करावे. दहा सेकंद पुरतात. मनगट दुखत असेल तर तळहाताऐवजी कोपरापासूनचा पुढचा हात टेकवावा.

मुलांनो, यात भौतिकशास्त्र आहे, आणि ते घरी मोजता येते. आमच्याकडे गराज सेलमध्ये घेतलेला काट्याचा जुना वजनकाटा आहे. लेकीने त्यावर हात ठेवला, पायाखाली तेवढ्याच जाडीची पुस्तके ठेवली आणि वसिष्ठासन केले. (शाळेची पुस्तके नव्हेत, माझी जुनी मॅन्युअल्स. कधीतरी उपयोगी पडायचीच होती.) तिचे वजन 78 पौंड. काटा 52 च्या आसपास आला, म्हणजे दोन-तृतीयांश. हे गणितानेही पटते. शरीराचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीपाशी असतो. पावलापासून खांद्यापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर तो येतो, म्हणून तेवढाच भार हातावर. गुडघा टेकवला तेव्हा आकडा चाळिशीत उतरला. गुडघा टेकणे ही लबाडी नाही. भार कमी करण्याचा तो सरळ मार्ग आहे.

पण मला खरी गंमत वाटली ती काट्याची. तो स्थिर राहीना. 50, 54, 51, 53 असा तो सारखा थरथरत होता, आणि लेक तर बाहेरून दगडासारखी स्थिर दिसत होती. तेव्हा लक्षात आले की स्थिर राहणे म्हणजे न हलणे नव्हे. तोल क्षणोक्षणी जात असतो आणि शरीर क्षणोक्षणी तो परत आणत असते. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूकडे जाणारी खबर, या तिघांच्या जोरावर हे चालते. पटत नसेल तर एका पायावर उभे राहून डोळे मिटा. आमच्या धंद्यात याला फीडबॅक म्हणतात. चूक होऊच नये म्हणून धडपडणारी यंत्रणा मोडते. चूक लवकर ओळखून लगेच थोडीशी सुधारणारी यंत्रणा टिकते.

हे सगळे कशासाठी? चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर असतो. त्या क्षणी कमरेचे हाड एका बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे आणि बरगड्यांखालचे बाजूचे स्नायू काम करतात. पुढे वाकणे, मागे वाकणे आपण थोडेफार करतो. बाजू मात्र विसरलेली असते. एकाच खांद्यावर दप्तर, एकाच हाताखाली माऊस, एकाच कुशीवर झोप. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्यावर वर्षानुवर्षे काम केलेले प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल पाठीसाठी जे तीन मूळ व्यायाम सांगतात, त्यांतला एक हाच, कुशीवरचा पूल. कण्यावर फार दाब न आणता तो बाजूचे स्नायू बळकट करतो.

आता पुण्याकडे वळतो, कारण हे आसन आज जगभर ज्या रूपात माहीत आहे, त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म 1918 साली कर्नाटकातल्या बेल्लूर गावचा. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी शरीर पार पोखरलेले. 1937 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पुण्याला योग शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. 1952 साली मुंबईत त्यांची आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि त्यांचे नाव परदेशी पोचले. 1966 साली त्यांचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक निघाले. त्यात वसिष्ठासन छायाचित्रांसह आहे. पूर्ण स्वरूपात वरचा पाय उचलून त्याचा अंगठा धरायचा असतो. ते आपण तूर्त फोटोत पाहू. 1975 साली शिवाजीनगर भागात त्यांनी पत्नी रमामणी यांच्या नावाने संस्था उघडली. 1984 साली अय्यंगार योगाचे पहिले आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले ते सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे आपल्या सनीव्हेलपासून जेमतेम 40 मैलांवर. 2014 साली पुण्यातच ते गेले.

त्यांनी केलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. ज्याला आसन जमत नाही त्याला त्यांनी बाहेर बसवले नाही. विटा, दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे, भिंत, जे मिळेल त्याचा आधार देऊन म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही आसन करायला लावले. आधार घेणे कमीपणाचे नाही, हे त्यांनी जगाला शिकवले.

इथे एक गैरसमज दूर करतो. "पाच हजार वर्षांची परंपरा" असे आपण फार सहज बोलतो. हठप्रदीपिकेत वर्णन केलेल्या पंधरा आसनांत वसिष्ठासन नाही. घेरंडसंहितेतल्या बत्तीसांतही नाही. नाव ऋषींचे असले तरी आजचा त्याचा प्रसार विसाव्या शतकातला आहे. म्हणून जुने आहे या कारणासाठी ते करू नका. उपयोग होतो म्हणून करा. नाव मात्र शोभते. विश्वामित्र राजाने वसिष्ठांची गाय बळाने न्यायचा प्रयत्न केला, सैन्य आणले, अस्त्रे सोडली. वसिष्ठ जागचे हलले नाहीत. विश्वामित्रांच्या नावाचेही आसन त्याच पुस्तकात आहे, आणि तेही हातावर तोलायचे. दोघांचे भांडण अजून चालू आहे म्हणायचे.

आता दुबळ्या बाजूविषयी. वसिष्ठासन दोन्ही कुशींवर केले की पाच सेकंदांत कळते, आपली एक बाजू दुसरीपेक्षा कच्ची आहे. माझी डावी. साहजिकच मी उजवीवर दिमाखात वीस सेकंद काढायचो आणि डावीवर पाचात आटोपायचो. लेकीने पकडले. म्हणाली, "काकू सांगतात, कच्ची बाजू आधी, आणि शेवटी पुन्हा एकदा." न्यूयॉर्कचे डॉक्टर लॉरेन फिशमन हे अय्यंगारांकडे पुण्यात शिकलेले. पाठीचा कणा बाजूला वाकलेल्या 25 रुग्णांकडून त्यांनी हेच आसन रोज, एकाच बाजूवर, जमेल तितका वेळ करून घेतले. बाकाची फुगीर बाजू खाली, कारण तिकडचे स्नायू त्यांच्या मते दुबळे. 2014 साली त्यांनी निष्कर्ष छापले: क्ष-किरण चित्रांत सरासरी बाक कमी झालेला दिसला. रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यावरून फार मोठे दावे करू नयेत. कोणाच्या मुलाच्या पाठीला बाक असेल तर आधी डॉक्टर, मग आसन. पण मागची कल्पना समजण्यासारखी आहे: दोन्ही बाजूंना सारखेच दिले की फरक तसाच राहतो. कच्च्या बाजूला थोडे जास्त द्यावे लागते.

पालकहो, आपल्या मुलांची इंग्रजी ही पक्की बाजू आहे. शाळा, मित्र, टीव्ही, सगळे तिला रोज व्यायाम देतात. मराठी ही कच्ची बाजू. तिला आठवड्यातून दोन तास, आणि तेही मुलाचा सॉकरचा सामना नसेल तर. ती लटपटते म्हणून आपण लगेच पक्क्या बाजूवर वळतो. मूल शब्दासाठी अडखळले की आपणच इंग्रजीत बोलून मोकळे होतो. मीही यात आलोच. आधाराला इंग्रजी शब्द घेतला तर बिघडत नाही, भिंतीसारखा तो असावा. पण सगळे अंगच भिंतीवर टाकले तर ते आसन राहत नाही.

आता सभेतल्या आक्षेपांकडे.

पहिला आक्षेप: हे मुले शाळेत शिकतातच. शिकतात, पण कोणत्या नावाने? आपल्याच कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोजवळच्या एन्सिनिटास गावी सरकारी शाळांनी योगाचे वर्ग सुरू केले, तेव्हा काही पालक त्याला धर्मशिक्षण म्हणत कोर्टात गेले. 2013 साली आणि अपिलात 2015 साली निकाल शाळेच्या बाजूने लागला. तिथे शिकवला जाणारा योग हा धर्मप्रसार नाही, असे कोर्टाने मानले. पण त्या वादात शाळेने संस्कृत नावे काढून टाकली होती. पद्मासनाला लहान मुलांच्या बडबडीतले "क्रिस-क्रॉस ॲपलसॉस" हे नाव मिळाले. मी शाळेला दोष देत नाही. सगळ्यांची शाळा ती, तिची अडचण मला कळते. पण आपल्या वर्गाला ती अडचण नाही. वसिष्ठासन हा शब्द मुलांच्या कानावर आपणच घातला नाही, तर दुसरे कोण घालणार?

दुसरा आक्षेप: मनगट, खांदा दुखावला तर? रास्त आहे. म्हणून गुडघा टेकून, भिंतीला लागून, दहा सेकंद. दुखले तर थांबायचे. शर्यत नाही, कोण किती वेळ राहिला याची नोंद नाही, फोटो तर नाहीतच. फोटोसाठी केलेल्या आसनात मान फोटोकडे वळते आणि तोल जातो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

तिसरा आक्षेप माझाच होता: वेळ. याला मी आकड्यांनी उत्तर देऊ शकत नाही, कारण आकडे अजूनही बरोबर आहेत. पाच तास ते पाच तासच. चूक होती ती मी मांडणी केली त्यात. मी एका बाजूला व्यायाम लिहिला आणि दुसऱ्या बाजूला भाषा. माझ्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी ती दोन्ही एकच गोष्ट होती. आज्ञार्थ, डावे-उजवे, वर-खाली, आत-बाहेर, अवयवांची नावे, सगळे व्याकरण दहा मिनिटांत, आणि चूक झाली की लगेच कळते, कारण समोरचा माणूस पडतो.

तेव्हा पुढच्या सभेसाठी माझी सूचना अशी. आसने चालू ठेवावीत, पण चार अटींवर. एक, त्या दहा मिनिटांत सूचना फक्त मराठीत, आणि दर आठवड्याला सूचना देण्याची पाळी एका मुलाची. काकू बाजूला उभ्या राहून फक्त पाहतील. दोन, कच्ची बाजू आधी आणि शेवटी पुन्हा. तीन, पालकांनीही करायचे. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनी भिंतीला हात लावून नुसते एका पायावर उभे राहावे, आणि नातवंडांनी शेजारी उभे राहावे. चार, वाचनाची दहा मिनिटे कमी होऊ नयेत म्हणून वर्ग दहाला नव्हे, दहाला दहा कमी असताना सुरू करावा.

चौथी अट सगळ्यात अवघड आहे याची मला कल्पना आहे. आपल्याकडे दहाचा वर्ग सव्वादहाला भरतो, आणि उशिरा येणाऱ्यांत आमची गाडी कायम पहिल्या तिघांत असते. पण वजनकाट्याच्या काट्याने मला शिकवले तेवढे खरे असेल, तर चुकणार हे धरून चालावे आणि दर रविवारी थोडे थोडे सुधारावे.

सभेत माझा हात या वेळी दुसऱ्या बाजूने वर जाईल. डावा हात. कच्चा आहे, पण तीन आठवड्यांत पाचाचे अकरा सेकंद झाले आहेत.

रविवारी येताना प्रत्येकाने एक सतरंजी किंवा जाड टॉवेल आणावा. सतरंज्या कोणी धुवायच्या, हा प्रश्नही त्याने सुटेल.

कळावे, लोभ असावा.

— मधल्या गटातल्या एका मुलीचा बाबा